गिझर उतरवला, धुतला, परत टांगला: बोअरच्या पाण्यावरचा २५ लिटरचा गिझर, सोलापूर

गिझर २५ लिटरचा, उभा, २००० वॅटचा. आतून काचेचा मुलामा दिलेली लोखंडी टाकी, खाली प्लेट, प्लेटवर कॉइल, थर्मोस्टॅटची नळी आणि मॅग्नेशियमचा रॉड. बाथरूमच्या दारावर टांगून सहा वर्षं झाली. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे वरच्या टाकीत बहुतेक वेळा बोअरचंच असतं. तुमच्या गिझरची मांडणी थोडी वेगळी असेल, कामाचा क्रम तोच.

७ डिसेंबर २०२४, शनिवार

तक्रार अशी: लाल बत्ती लवकर विझते आणि एका बादलीनंतर पाणी कोमट. तापताना आतून खदखद, मधूनच टणकन आवाज. सकाळी पहिला नळ सोडला की पाण्याला पिवळट झाक. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येणार, त्याआधी हे निस्तरायचं आहे.

घरात सगळ्यांचा निकाल एकच, कॉइल गेली. कॉइल गेली असती तर पाणी तापलंच नसतं. म्हणून काही उघडण्याआधी मोजून घेतलं. घरातलं बाकी सगळं बंद ठेवून फक्त गिझर लावला आणि मीटरसमोर उभी राहिले. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण एक युनिट लागतं, २००० वॅटची कॉइल ते अर्ध्या तासात करते. आमची बत्ती ११ मिनिटांत विझली आणि मीटर ०.३७ युनिट पुढे गेला. म्हणजे कॉइल पूर्ण ताकदीने वीज घेते आहे, पण थर्मोस्टॅटला वाटतंय की पाणी तापलं. कॉइल आणि थर्मोस्टॅटची नळी एकाच क्षाराच्या ढिगात पुरल्या गेल्या असणार.

क्षार चढला की बिल वाढतं, असं जो तो सांगतो. विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता दुसरीकडे जाणार कुठे? बिलात फार फरक पडत नाही. थराखाली कॉइल स्वतः जास्त तापते आणि अकाली जळते, नुकसान ते आहे. आच बाहेरून लागते त्या गॅस गिझरमध्ये किंवा बॉयलरमध्ये मात्र इंधन खरोखर वाया जातं.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे दोन्ही पाण्यांचं टायट्रेशन (रसायन थेंबाथेंबाने टाकून मोजणं) करून घेता आलं. बोअरच्या पाण्याचा जडपणा लिटरला ६८० मिलिग्रॅम, नळाच्या पाण्याचा १९०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत ठीक आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, असं आहे. टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून मोजणारं, पेन बुडवून हा आकडा कळत नाही. ते पाण्यातलं मीठही मोजतं, आणि मीठ कॉइलवर थर धरत नाही.

८ डिसेंबर, रविवार. रिकामा करणे

गिझर रात्रीपासून बंद ठेवला होता. सकाळी एमसीबी पाडला, १६ अँपिअरचा प्लग काढला, टेस्टर लावून खात्री केली. टाकीत पाणी गरम असताना काहीही उघडायचं नाही.

पुढची पायरी बहुतेकांना चकवते. खालचा अँगल कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ सोडला तर थोडं पाणी येतं आणि थांबतं. लोक म्हणतात, झाला रिकामा. टाकी भरलेलीच असते. गरम पाण्याची आतली नळी टाकीच्या वरच्या टोकापर्यंत जाते, खालून थंड पाण्याने ढकललं तरच वरचं बाहेर पडतं. नळ सोडून फक्त दाब उतरतो. तो उतरवायचाच असतो, पण टाकी रिकामी होते ती निळ्या रिंगच्या थंड तोंडातून, आणि तेही लाल बाजूचा पाइप काढून आत हवा जाऊ दिली तर.

निळ्या तोंडाला पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी उलटं जाऊ न देणं आणि दाब वाढला की बाजूच्या बारीक तोंडातून सोडून देणं, ही दोन्ही कामं त्याचीच. लिव्हर उचलला की तिथून निचरा व्हायला हवा. लिव्हर उचलला, थेंबही नाही. टॉर्च मारून पाहिलं तर त्या बारीक तोंडात रबराची गुडदी कोंबलेली आणि वरून एम-सील थापलेलं. व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून मागे एका प्लंबरला बोलावलं होतं, त्याची ही दुरुस्ती.

ठिबकणं हे त्या व्हॉल्व्हचं काम आहे. २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे ३५० मिलिलिटरने फुगतं. मागे जायला वाट नसते, नळ बंद असतात, मग ते व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. ते तोंड बुजवलं आणि त्यात थर्मोस्टॅट चिकटला, जास्त तापल्यावर वीज तोडणाऱ्या कटआउटनेही दगा दिला, तर टाकी फुटायचीच बाकी राहते. आणि ही टाकी टांगलेली आहे ज्या दारातून घरातलं प्रत्येकजण आंघोळीला जातं त्याच्यावर. एम-सील खरवडत बसले नाही. व्हॉल्व्ह नवीनच घ्यायचा ठरवलं. बाकी काही करा न करा, उद्या सकाळी आपल्या गिझरचं ते तोंड उघडं आहे का, एवढं बघा.

व्हॉल्व्ह काढायला दोन पाने लागतात. एकाने टाकीचा निपल धरून ठेवायचा, दुसऱ्याने व्हॉल्व्ह फिरवायचा. निपल फिरला तर टाकीचा जोड जातो, आणि मग दुरुस्ती हा विषयच राहत नाही.

व्हॉल्व्ह सुटला, पाण्याची बारीक धार आली आणि बंद पडली. तोंडात क्षार अडकला होता. स्क्रूड्रायव्हर घातला तर आतला काचेचा मुलामा उडेल, म्हणून खराट्याची जाड काडी घालून हलवत राहिले. एकदम भसकन गढूळ पाणी आलं आणि त्यामागून कडक भाकरीच्या तुकड्यांसारखे पांढरे पापुद्रे. मोजून २१ लिटर पाणी निघालं, बाकी टाकीत पाणी किती आणि चुना किती ते उघडल्यावर कळेल. अँगल कॉक थोडा थोडा सोडून टाकी खंगाळली. गाळ येत राहिला, पण आवाजावरून कळत होतं की मोठे तुकडे आतच आहेत. तोंडापेक्षा मोठा तुकडा बाहेर येणार कुठून?

इथपर्यंत अर्धा दिवस गेला. फक्त पाणी काढून सोडून देणाऱ्यांचं काम इथे संपतं. सुटा गाळ जातो, कॉइलवरचा थर जागेवर राहतो.

१४ डिसेंबर, शनिवार. उतरवणे

शेजारचे अण्णा मदतीला आले. टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी बॉयलर सांभाळला आहे. टाकी बघून त्यांचं पहिलं वाक्य: "ताई, आम्ही दर पाळीत ब्लोडाउन मारायचो की ओ. तुम्ही सहा वर्षांत एकदा पण नाही?" ब्लोडाउन म्हणजे बॉयलरच्या तळाचा गाळ पाण्याबरोबर सोडून देणं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्यांना स्टूल धरायला सांगितलं.

खालचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं, वायरींचे फोटो काढले, मग वायरी सोडवल्या. अर्थिंगची वायर कुठल्या स्टडला होती याचा वेगळा फोटो घ्या, ती परत लावायला विसरणारे खूप आहेत. गिझर दोघांनी मिळून उतरवला आणि जुन्या चादरीवर उलटा उभा केला. प्लेट वर आली की काम सोपं होतं. नट १० नंबरच्या पान्याचे. गंजावर मारायचा स्प्रे मारून चहा होईपर्यंत थांबलो. एक नट गोल झाला, त्याला व्हाइस ग्रिप लावावी लागली.

प्लेट उचलली तर कॉइल दिसेचना. पांढरा ओबडधोबड गोळा, त्यातून थर्मोस्टॅटच्या नळीचं टोक जेमतेम डोकावत होतं. ७ तारखेचं ११ मिनिटांचं कोडं इथे सुटलं.

मॅग्नेशियमच्या रॉडच्या जागी फक्त तार होती. बोटाएवढा जाड रॉड असतो, त्याच्या पोटातली लोखंडी तार उरलेली, तीही गंजलेली. मुलाम्याला कुठे बारीक चीर असतेच. तिथल्या लोखंडाच्या वाटचं झिजणं हा रॉड स्वतःवर घेतो. तो संपला की पाणी टाकीला खायला लागतं. पिवळी झाक तिथली. आत टॉर्च मारून पाहिलं: शिवणीपाशी तपकिरी ठिपके आहेत, फोड आलेला नाही, बोटाने दाबून खपली निघत नाही. टाकी वाचेल असं अण्णांचं मत पडलं, माझंही.

दर हिवाळ्याला "सर्व्हिसिंग" म्हणून पैसे दिले होते. प्लेट एकदाही उघडली गेली नव्हती हे नटांवरच्या कारखान्याच्या रंगावरून स्पष्ट दिसत होतं. पैसे देताना एकच विचारा: रॉड दाखवा.

माझा मावसभाऊ अमेरिकेत मोटारघर घेऊन हिंडतो. त्याला फोटो पाठवला तर तो हसला. त्या मोटारघरांतल्या लोखंडी टाकीच्या गिझरला निचऱ्याच्या बोल्टवरच रॉड बसवलेला असतो. बोल्ट काढला की पाणीही जातं आणि रॉडही हातात येतो, वर्षाला आपोआप बघून होतं. ॲल्युमिनियमच्या टाकीचे गिझरही तिकडे असतात, त्यांना रॉड नसतो. शिवाय हिवाळ्यात आतलं पाणी गोठून टाकी फाटते, म्हणून रिकामा करावाच लागतो. सोलापुरात ती भीती नाही, म्हणून आपण कधीच उघडत नाही.

तुकडे हाताने काढले. माझा हात आत जातो, अण्णांचा जात नाही. जे चिकटलं होतं ते लाकडी डावाने ढकललं. हातोडी, छिन्नी, पटाशी काही नाही. निघालेला चुना तराजूवर ठेवला, तीन किलोच्या थोडा वर भरला.

१५ डिसेंबर, रविवार. सायट्रिक ॲसिड

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने संडास साफ करायचं ॲसिड सुचवलं. नको. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड क्षार झपाट्याने खातं आणि तितक्याच आवडीने उघडं पडलेलं लोखंड आणि कॉइलची नळीही खातं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, हळू काम करतं पण धातूला सांभाळून घेतं. क्षाराच्या १०० ग्रॅमला साधारण १३० ग्रॅम लागतं, म्हणून आधी हाताने निघेल तेवढं काढणं स्वस्त पडतं.

आठ लिटर पाण्यात ४०० ग्रॅम. बादलीवर काठी आडवी ठेवून कॉइल उलटी टांगली, वीजजोडणीची टोकं पाण्याच्या बरीच वर. लगेच फसफसायला लागलं. पहिलं पाणी चांगलं कढत घेतलं होतं, वेग वाढेल म्हणून. तासाभराने फसफस थांबली आणि कॉइलवर दुधासारखी मऊ साय धरली. हा कॅल्शियम सायट्रेट, गरम पाण्यात तो आणखी कमी विरघळतो. क्षाराच्या अंगावर बसून आत ॲसिड पोचू देत नाही. ब्रशने पुसून काढला, पाणी बदललं. दुसऱ्या वेळी पाणी नुसतं कोमट घेतलं, मधूनमधून हलवत राहिले, आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी कॉइल धातूच्या रंगाची होती. आधी थोडं वाया गेलं तरी ॲसिड पुरलं, कारण एक किलोचं पाकीट आणलं होतं.

त्याच वेळी टाकीत उरलेल्या ठिपक्यांवर ॲसिडच्या पाण्यात भिजवलेला जुना टॉवेल दाबून ठेवला. २५ लिटर द्रावण करून टाकी भरायची गरज नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने वास जाईपर्यंत धुतली.

कॉइल सुकल्यावर मल्टिमीटर लावला. २३० व्होल्टवर २००० वॅटच्या कॉइलचा रोध २६.५ ओहमच्या आसपास यायला हवा. २६.८ आला. टोक आणि कॉइलची बाहेरची नळी यांच्यात मीटरने काहीच दाखवलं नाही, तेच हवं होतं. कॉइल तीच वापरायची. घरातल्यांचा निकाल रद्द.

२१ डिसेंबर, शनिवार. सामान

सगळ्यात जास्त वेळ या रॉडने खाल्ला. नवी पेठेत पहिल्या दुकानात "सगळ्याला चालतो" म्हणून दिलेला घरी आणला तर आटे जाड निघाले. माझ्या प्लेटला एम ६ लागतो, तो एम ८ होता. दुसरा बसला, पण लांबी एवढी की कॉइलला टेकत होता. टेकलेला चालत नाही. शेवटी जुनी तार आणि प्लेट दोन्ही पिशवीत घालून नेली आणि काउंटरवरच लावून बघितली. तुम्ही पहिल्याच खेपेला प्लेट न्या.

गॅस्केट कंपनीचंच घेतलं, दोन नग. जुनं रबर प्लॅस्टिकसारखं कडक झालं होतं. त्याच्यावरच सिलिकॉन लावून बसवा, असं सुचवणारे भेटले. पुढच्या वेळी प्लेट उघडायची आहे, त्यामुळे सिलिकॉन नाही.

२२ डिसेंबर, रविवार. जोडणी

प्लेटचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. एका बाजूने सुरुवात केली की गॅस्केट दुसरीकडे उचलतं.

अण्णांच्या सांगण्यावरून निळ्या तोंडाला आधी पितळी टी लावला. टीच्या सरळ बाजूला नवा सेफ्टी व्हॉल्व्ह, आडव्या बाजूला अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह आणि त्याला नळी. आता निचऱ्यासाठी काही खोलावं लागणार नाही. यात एकच पथ्य आहे: टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कुठलाही कॉक येता कामा नये. बॉल व्हॉल्व्ह फांदीवर आहे, वाटेत नाही. नव्या व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाला पारदर्शक नळी लावून मोरीत सोडली. ठिबकू दे.

पाणी सोडलं, गरम नळ उघडा ठेवला. फुसफुस, हवा, पुन्हा फुसफुस, मग सलग धार. सलग धार येईपर्यंत प्लगला हात लावायचा नाही. कोरडी कॉइल मिनिटभरात जळते.

२३ डिसेंबर, सोमवार

सकाळी झाकणाखाली ओल. तापल्यावर नवं रबर बसकं होतं, नट सैल पडतात. वीज बंद करून, टाकी थंड होऊ देऊन, प्रत्येक नट पाव फेरा आवळला. ओल थांबली. खालचं झाकण आणखी दोन दिवस लावलं नाही, बोट फिरवून बघता यावं म्हणून.

मग तेच मोजमाप, बाकी घर बंद ठेवून: बत्ती ३३ मिनिटांनी विझली, मीटर १.१ युनिट. खदखद नाही. नळी ठिबकते आहे, वाटी लावली तर चांगली भरते.

थर्मोस्टॅट पूर्वी शेवटच्या टोकाला होता, तो ५५ ते ६० च्या मध्ये आणला. जितकं जास्त तापवाल तितका क्षार जास्त सुटतो. कडकडीत पाण्यात थंड ओतून घेण्यापेक्षा मुळातच कमी तापवलेलं बरं. त्याहून खाली मात्र ठेवू नये, कोमट पाण्यात जंतू वाढतात.

५ जानेवारी २०२५, रविवार

खरं काम आज झालं, आणि ते गिझरला हात न लावता. गच्चीवर दोन टाक्या आहेत, दोन्ही एकमेकींना जोडलेल्या. मधला जोड बंद केला. लहान टाकीत फक्त नळाचं पाणी चढवायचं आणि तिथून एक लाइन थेट गिझरला. बोअरचं पाणी संडास, धुणं आणि बाकी नळांना. ६८० ऐवजी १९०. नळाचं पाणी चुकलं तर मधला कॉक उघडून बोअर घेता येतो, पण तो उघडायला गच्चीवर जावं लागतं, म्हणजे आळसाने कुणी उघडणार नाही.

पाण्याचा जडपणा काढणारं, मिठावर चालणारं सॉफ्टनर घ्यायचा विचार होता. अण्णांच्या कारखान्यात बॉयलरसाठी होतं, मिठाची पोती यायची. घरच्या एका गिझरसाठी ते यंत्र, ते मीठ आणि ते खारट पाणी कुठे सोडायचं, हे सगळं जड वाटलं. ज्यांच्याकडे नळाचं पाणीच नाही त्यांना तो पर्याय बघावा लागेल.

खर्च: सेफ्टी व्हॉल्व्ह ४५०, रॉड ३२० (पहिले दोन परत घेतले, एकाचे पैसे कापून ६० गेले), गॅस्केट दोन १८०, सायट्रिक ॲसिड २२०, टी आणि बॉल व्हॉल्व्ह ४१०, टेफ्लॉन आणि स्प्रे २३०. गिझरपुरते १८७० रुपये. गच्चीवरच्या पाइपचं काम प्लंबरने २६०० ला केलं, आणि त्याला सेफ्टी व्हॉल्व्हजवळ फिरकू दिलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

ऊन एवढं आहे की गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच दुपारी हात भाजतं. गिझर आता पावसाळ्यापर्यंत बंद. प्लग काढला, अँगल कॉक बंद, लाल बाजूचा पाइप सोडला, बॉल व्हॉल्व्ह उघडला. चहा उकळेपर्यंत टाकी रिकामी. बादलीच्या तळाशी चमचाभर पांढरी रेती, एकही पापुद्रा नाही.

रिकामा ठेवावा की भरलेला, यावर अण्णा आणि माझं जमलं नाही. ते म्हणतात कोरडा ठेवा. माझं म्हणणं, आत ओल राहतेच, आणि रॉड पाण्यात बुडालेला असेल तरच टाकीला राखतो. भरून ठेवला आहे, महिन्यातून एकदा पाणी बदलायचं. बरेच दिवस साचलेल्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो, मॅग्नेशियमच्या रॉडमुळे तो वाढतो. आला तर टाकी खंगाळून एकदा चांगली तापवायची.

रॉड दिवाळीत प्लेट काढून बघायचा. तार दिसायला लागली असेल तर बदलायचा. उरलेलं गॅस्केट अण्णांच्या गिझरला बसतं का ते पाहिलं, त्यांची प्लेट मोठी आहे. त्यांचा गिझर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी जुना, आणि अजून उघडलेला नाही.